ओढ्यात, नदीत हरवलेलं शोधायला मेटल डिटेक्टर घेताय? आधी हे वाचा

नमस्कार मंडळी. दुकानात मशीन बघायला येणारे बरेच जण पहिलाच प्रश्न विचारतात, "किती फूट खोल दाखवतंय?" आम्ही उलटं विचारतो, पाणी कुठलं आणि हरवलंय काय? ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय आम्ही मशीन काउंटरवर काढत नाही, कारण आपल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडच्या खडकाळ ओढ्यात छान चालणारं मशीन निपाणीकडं दूधगंगेच्या गाळात तसंच चालंल असं नाही, आणि मंगळसूत्राची वाटी शोधायची गोष्ट वेगळी, पंपाचा फूटव्हॉल्व्ह शोधायची वेगळी.

पहिल्यांदा खोलीचं सांगतो. अंगठी नाहीतर नाण्याएवढी वस्तू चांगलं मशीन साधारण वीतभर खोल दाखवतंय, कधी थोडं जास्त, कधी चार बोटंच. त्याच्यावर कोण दहा फुटाची, नाहीतर लांबनंच सोनं दाखवायची गॅरंटी देत असंल तर पैसे देऊ नका. हातात धरून फिरायचं, अँटेना आपोआप सोन्याकडं वळते म्हणून जे विकतात त्यात काहीच तथ्य नाही, आम्ही ते ठेवत नाही, मागवूनही देत नाही. ओढ्याचं गोडं पाणी मधे आलं म्हणून सिग्नल मरत नाही, तो अंतरानं मरतो, म्हणून कॉईल, म्हणजे दांड्याच्या खालची चकती, तळाला जवळजवळ टेकवूनच फिरवायची. कमरेएवढ्या पाण्यात वरच्यावर फिरवून "मशीनच खराब आहे" म्हणून परत आणणारे आम्ही बघितलेत.

वॉटरप्रूफ म्हणजे नक्की काय, हे नीट समजून घ्या, इथंच जास्त फसगत होते. बऱ्याच स्वस्त मशीनची फक्त खालची कॉईल पाण्यात चालते, वरचा डबा, जिथं स्क्रीन आणि बॅटरी असते, तो नाही. गुडघाभर पाण्यात जपून चालत असाल तर तेवढं पुरतं, पण शेवाळावरनं पाय घसरला की मशीन गेलंच. म्हणून ओढ्यासाठी आम्ही पूर्ण बुडवता येणारंच मशीन सांगतो. डब्यावर आयपी ६७ (आयपी म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) लिहिलेलं असंल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि ६८ असंल तर त्याच्यापेक्षा खोल, पण किती खोल ते कंपनी सांगेल तेवढंच. गॅरेटचं एटी प्रो १० फुटांपर्यंत चालतंय, नोक्ताचं सिम्प्लेक्स प्लस आणि माइनलॅबचं इक्विनॉक्स ८०० दोन्ही ३ मीटरपर्यंत. आपल्या ओढ्यांना, आणि उन्हाळ्यात आटलेल्या मलप्रभा, मार्कंडेयला याच्यापेक्षा जास्त लागत नाही. हेडफोनचं मात्र विचारून घ्या. ब्लूटूथ पाण्याखाली चालत नाही, डोकं बुडवून शोधणार असाल तर वायरचे आणि वॉटरप्रूफच हेडफोन लागतात, ते बहुतेक वेळा वेगळे घ्यावे लागतात.

आता आतली गोष्ट. बाजारात मोठे प्रकार दोन. एक व्हीएलएफ, म्हणजे व्हेरी लो फ्रिक्वेन्सी, ते धातू कुठल्या जातीचा असावा याचा अंदाज आवाजानं आणि आकड्यानं देतंय. दुसरं पल्स इंडक्शन, म्हणजे पीआय, ते मातीतल्या लोखंडाला आणि खाऱ्या पाण्याला फारसं दाद देत नाही, खोलही जातंय, पण खिळा काय आणि अंगठी काय, त्याला जवळजवळ सारखंच. कारवार-गोव्याच्या समुद्रात उतरणाऱ्याला पीआय चांगलं, गॅरेटचं सी हंटर त्यातलंच, ६० मीटरपर्यंत जातंय. पण आपल्या ओढ्यात खिळे, बाटल्यांची झाकणं, तारा, सळ्या, बैलाचे नाल इतके पडलेत की पीआय घेऊन उतरलात तर दिवसभर लोखंडच उपसत बसाल. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे, गोड्या पाण्यातल्या ओढ्याला व्हीएलएफ घ्या, बजेट असंल तर एकाच वेळी बऱ्याच फ्रिक्वेन्सीवर चालणारं, कारण बारीक सोन्याला वरची फ्रिक्वेन्सी बरी पडते आणि चांदीच्या मोठ्या वस्तूला खालची. सिम्प्लेक्स प्लस १२ किलोहर्ट्झवर चालतंय आणि एटी प्रो १५ वर, ही मधली जागा आहे, रोजच्या कामाला ठीक.

आपल्या मातीचं एक विसरू नका. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं चिऱ्याचा तांबडा दगड, त्यात लोखंड भरपूर. खाली चिकोडी, निपाणीकडं काळी माती आणि काळा बसाल्ट. दोन्हीकडं मशीन विनाकारण किरकिर करतंय. त्याच्यासाठी ग्राउंड बॅलन्सची, म्हणजे मातीतल्या लोखंडाचा आवाज दाबायची सोय पाहिजेच, नुसती कंपनीनं फिक्स करून दिलेली नको, त्या जागेवर परत सेट करता येईल अशी. कॉईल डबल डी, म्हणजे आत इंग्रजी डी आकाराची दोन वेटोळी असलेली घ्या. धोंड्यांच्या सांदीत शोधायचं असंल तर सहा इंचाची छोटी कॉईल ११ इंचाच्यापेक्षा कितीतरी कामाला येते, मोठी कॉईल दगडांच्या मधे उतरतच नाही.

मंगळसूत्राबद्दल जरा सविस्तर, कारण त्यासाठी लोक कळवळून येतात. गेल्या उन्हाळ्यात एक वहिनी आल्या होत्या, ओढ्यावर कपडे धुताना दोरा तुटून वाट्या गेलेल्या, सोबत त्यांची सासू, दोघीही रडवेल्या. त्यांना जे सांगितलं तेच इथं सांगतो. काळे मणी काचेचे, ते मशीनला दिसत नाहीत. बारीक चेनही जवळजवळ दिसत नाही, कारण मशीनला चेन म्हणजे एक वस्तू नसते, एकेक बारीक कडी वेगवेगळी असते. दिसतात त्या वाट्या. म्हणून शोधायच्या वाट्याच, आणि सोनं वाळूपेक्षा सातपट जड असतंय, ते वाहून फार लांब जात नाही, वाळूतनं खाली सरकत सरकत खडकाला नाहीतर घट्ट मातीला जाऊन बसतं. पडलेल्या जागेच्या खालच्या बाजूला खडकाच्या चिरा, मोठ्या धोंड्यांच्या मागची शांत जागा आणि वळणाची आतली बाजू आधी बघायची. त्या वहिनींची एक वाटी धुण्याच्या दगडाच्या अगदी खालच्या सांदीत मिळाली, दुसरी नाही मिळाली. दोन्ही मिळतील असं वचन आम्ही कुणालाच देत नाही. नाकातली चमकी तर विसराच.

आणि आवाज ऐकून लगेच "हा कचरा" म्हणून सोडू नका. सोन्याच्या अंगठीचा आकडा आणि कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी, ॲल्युमिनियमचा तुकडा यांचा आकडा बऱ्याचदा एकाच जागी येतो. ज्यांनी मशीनच्या सेटिंगमधे तेवढ्या आकड्यांचा आवाज बंद करून ठेवला त्यांनी अंगठीही सोडली. नाण्यांचंही असंच, १९९२ पासूनचा एक रुपया स्टेनलेस स्टीलचा, चुंबकाला चिकटणारा, तो लोखंडासारखा वाजतो. पुलावरनं लोकांनी टाकलेली नाणी शोधायला गेलात आणि लोखंड बंद करून ठेवलंत तर ती दिसणारच नाहीत. याच्या उलट ब्रिटिशांच्या काळातला चांदीचा रुपया एकदम वरच्या, स्वच्छ आवाजात बोलतो, एकदा ऐकला की कान विसरत नाही.

मशीनसोबत अजून दोन गोष्टी घ्याच. एक वॉटरप्रूफ पिनपॉइंटर, म्हणजे वस्तूची नेमकी जागा दाखवणारी, हातात धरायची छोटी कांडी, तिच्याशिवाय गढूळ पाण्यात वाळू चिवडत बसाल. दुसरं लांब दांड्याचं भोकं असलेलं फावडं, वाळू गळून जाते आणि वस्तू राहते. दोरीला बांधलेलं जोरदार चुंबकही ठेवा, आधी त्यानं लोखंड काढून घेतलं की निम्मा त्रास वाचतो, आणि सोनं त्याला चिकटत नाही म्हणून काळजी नाही. शेतातल्या मोटरच्या वायरी ओढ्याकडनं गेलेल्या असतात, थ्री-फेज आली की मशीन वेड्यासारखं ओरडायला लागतंय. तेव्हा सेन्सिटिव्हिटी कमी करा, आणि अशा जागी मोटर चालू असताना पाण्यात उतरूच नका, शॉकनं माणसं जातात.

पाण्याचं भय धरा मंडळी. जून ते सप्टेंबर कुणीही उतरू नये, त्या दिवसांत आम्ही मशीन भाड्यानं देतही नाही. फेब्रुवारी ते मे बरा काळ. घटप्रभेला हिडकल धरणाचं पाणी सोडलं की पातळी चढते, आधी चौकशी करा. कृष्णेत मगरी आहेत. भीमगडच्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय नको. रानाजवळच्या ओढ्यात डुकरांसाठी ठेवलेले गावठी बॉम्ब नाहीतर मासे मारायचं जिलेटिन सापडू शकतं, गोल गुंडाळलेलं काही दिसलं तर हात लावू नका, ११२ ला फोन करा.

निधीबद्दल, म्हणजे पुरलेल्या धनाबद्दल, स्पष्टच. गुप्तधनाचा कायदा १८७८ पासून आहे, कर्नाटकानं आपला वेगळा १९६२ ला केला. जुना खजिना सापडला तर तो आपोआप आपला होत नाही, डीसी साहेबांना, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. १०० वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा लागतो. हलशीचं देऊळ असो की बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, संरक्षित जागेवर मशीन घेऊन खणायला जायचंच नाही. आणि निधीसाठी कुणी पूजा, बळी असलं काही सांगत असंल तर तिथनं उठा, त्याच्यावर कर्नाटकात २०१७ चा कायदा आहे. असल्या कामाला आम्ही मशीन विकतही नाही आणि भाड्यानं देतही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

शोधून झालं की मशीन स्वच्छ पाण्यानं धुवा, सुकवा, मगच बॅटरीचं झाकण उघडा. झाकणाच्या रबरी रिंगमधे वाळूचा एक कण राहिला तरी पुढच्या खेपेला पाणी आत जातंय. रिंगला थोडं सिलिकॉन ग्रीस लावा, ते आमच्याकडं मिळतं.

दुकानात येताना हरवलेल्या वस्तूसारखी दुसरी वस्तू, दुसरी वाटी, अंगठी, जे असंल ते घेऊन या. वाळू घातलेल्या पाण्याच्या बादलीत ती पुरून तुमच्या समोर मशीन लावतो, आवाज तुमच्या कानानं ऐका, मग ठरवा. एकाच वस्तूसाठी मशीन विकत घ्यायची गरज नाही, दिवसाच्या भाड्यानं न्या, आणि पहिल्यांदा वापरत असाल तर आमचा माणूस सोबत ओढ्यावर येतो.