चिंपांझींचे सत्ताकारण

चिंपांझींच्या टोळीतील प्रौढ नर वरचे स्थान मिळवण्यासाठी व टिकवण्यासाठी युत्या करतात, धाक दाखवतात, मनधरणी आणि समेटही करतात. या सगळ्या व्यवहाराला ‘चिंपांझींचे सत्ताकारण’ म्हणतात. मानवी सत्तेची मुळे उत्क्रांतीत शोधताना या प्राण्याचा दाखला हमखास दिला जातो, तोही बहुधा ‘बळी तो कान पिळी’ एवढ्यापुरता. प्रत्यक्ष निरीक्षणांनी नेमके हेच खोटे ठरवले आहे.

श्रेणी कशी ठरवतात : प्राण्यांमधील वर्चस्वाची उतरंड पद्धतशीरपणे नोंदवली ती नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ श्येलडेरूप-एबे यांनी, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला, कोंबड्यांमध्ये, कोण कोणाला टोचते यावरून. चिंपांझींच्या मारामाऱ्या मोजून भागत नाही, कारण श्रेणी पक्की झाली की मारामारी क्वचितच होते. त्यांच्यात मोजतात तो सलाम. खालचा नर वरच्यापुढे वाकतो आणि धापा टाकल्यासारखे हुंकार देतो. वरचा त्याला उलट हुंकार देत नाही. ओळीत देणारा, रकान्यात घेणारा असा तक्ता मांडायचा आणि जवळजवळ सगळ्या नोंदी कर्णाच्या एकाच बाजूला येईपर्यंत नावे वरखाली करायची, की क्रम मिळतो. दोघांमधला सलाम बंद पडला, तर झुंज जवळ आली असे समजावे. केळ्यांवर आधी कोण हात टाकतो यावरून क्रम लावला तर फसगत होते. मादीच्या हातातले अन्न वरिष्ठ नरही अनेकदा सोडून देतो.

आर्नहेमची तिकडी : नेदरलँड्समधील आर्नहेमच्या बर्गर्स प्राणिसंग्रहालयात १९७१ मध्ये पाण्याने वेढलेल्या मोकळ्या जागेत चिंपांझींची वसाहत वसवली गेली. प्राणिवर्तनाचे अभ्यासक फ्रान्स द वाल यांनी १९७५ पासून तिथे निरीक्षणे केली. येरून हा उतारवयाचा प्रमुख होता. १९७६ मध्ये लाउटने त्याला खाली खेचले, ते तरुण निकीच्या मदतीने. निकी येरूनवर फारसा चालून जात नसे. येरूनच्या बाजूने धावणाऱ्या माद्यांना तो पिटाळून लावी. येरून एकटा पडला.

पद गेलेल्या येरूनपुढे दोन वाटा होत्या. लाउट स्वतःच्या बळावर उभा होता, त्याला येरूनची गरज नव्हती. निकीला होती. येरून निकीकडे गेला, १९७८ पर्यंत निकी प्रमुख झाला आणि मोबदल्यात येरूनला समागमाची संधी मिळत राहिली. एकटा जिंकू न शकणाराच निर्णायक ठरतो, हे गणित त्रिशंकू विधानसभा पाहिलेल्यांना वेगळे समजावायला नको. भांडणात हरणाऱ्याची बाजू घेणे हे प्रमुखाचे काम. लाउटने पद मिळताच ते अंगावर घेतले होते. निकी मात्र जिंकणाऱ्यामागेच जाई, म्हणून माद्या येरूनलाच अधिक मानत. पद एकाकडे आणि वजन दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी होती.

१९८० मध्ये युती फुटली आणि लाउट पुन्हा वर आला. सप्टेंबरात एका रात्री पिंजऱ्यात येरून व निकी यांनी मिळून त्याला इतके जखमी केले की तो दगावला. पिंजऱ्यात हरणाऱ्याला पळायला जागा नसते, हा आक्षेप रास्त आहे; पण सगळा दोष बंदिवासाला देता येत नाही. टांझानियातील गोंबे येथे एकाच टोळीचे दोन तुकडे झाले आणि १९७४ ते १९७८ दरम्यान मोठ्या गटाने छोट्या गटातले नर एकेक करून संपवले. त्याच देशातील महाले येथे जपानी संशोधक तोशिसादा निशिदा यांनी कामेमान्फू या वयस्क नराची नोंद केली. दोन प्रतिस्पर्ध्यांमध्ये सतत बाजू बदलून तो स्वतःचा भाव टिकवून होता. तिथलाच अंतोलोगी हा प्रमुख शिकारीचे मांस वाटताना साथीदारांना देई आणि उगवत्या तरुण नरांना वगळी. गोंबेतील माइकने तर १९६४ च्या सुमारास रॉकेलचे रिकामे डबे खडखडवत अंगावर धावून, फारशी मारामारी न करता प्रमुखपद मिळवले.

तुलनेच्या मर्यादा : बोनोबो हा चिंपांझीसारखाच दिसणारा वानर माणसाला चिंपांझीइतकाच जवळचा, पण त्यांच्यात माद्यांची एकजूट नरांना आवरते. त्यामुळे ‘आपले पूर्वज असेच होते’ असे एकाच नातलगावरून म्हणता येत नाही. लांडग्यांतील ‘अल्फा’ची, म्हणजे झुंजून वर आलेल्या म्होरक्याची, कल्पना बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांवरून आली, रानातला कळप बहुधा आईबाप व त्यांची पिल्ले एवढाच असतो, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये दाखवले, तरी व्यवस्थापनाच्या भाषणांतून तो शब्द हटायला तयार नाही.

मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफर बोम यांनी १९९३ मध्ये माणसांबाबत ‘उलट्या उतरंडी’ची मांडणी केली. भटक्या शिकारी गटांत शिरजोर होऊ पाहणाऱ्याला बाकीचे मिळून टिंगल, अवज्ञा, बहिष्कार आणि वेळ आलीच तर ठार मारूनही खाली ठेवतात. भाषा असल्याने गैरहजर माणसाविरुद्धही जुळवाजुळव करता येते. चिंपांझीला ती समोरासमोरच करावी लागते. शिवाय त्याच्याकडे खजिना नाही, पगारी फौज नाही, पद मुलाच्या नावावर करण्याची सोय नाही. म्हणून पक्षातील गटबाजी, पाठिंब्याची देवघेव किंवा फूट यांना ही तुलना चपखल लागते. करवसुली, कायदा आणि घराणेशाही यांचा उलगडा तिच्यातून होत नाही.