बोअर मारला की ताकद वाढते, ही समजूत आली कुठून?

सांगली-साताऱ्याकडच्या कुठल्याही गॅरेजात बुलेटचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकला, तेव्हापासून गाडी सुसाट पळतेय." बोअर मारणं म्हणजे इंजिनाचा सिलिंडर आतून पोखरून किंचित रुंद करणं आणि त्यात बसेल असा थोडा मोठा, म्हणजे ओव्हरसाइज पिस्टन टाकणं. सिलिंडरच्या आतल्या व्यासालाही बोअरच म्हणतात. सांगणारा खोटं बोलत नसतो. बोअर मारल्यावर फरक पडतोच. खंबाटकी घाटात जिथं खालचा गिअर टाकावा लागायचा तिथं वरचा निभावतो, धूर थांबतो, किक पायाला घट्ट लागते. पण ही ताकद मोठ्या झालेल्या बोअरची असते का? माझं स्पष्ट मत आहे की त्यातली फार थोडी. बाकीची त्याच इंजिनाची जुनी ताकद, झिजेत गेलेली आणि आता परत मिळालेली. तरीही ही समजूत इतकी पक्की आहे, त्याला अडीचशे वर्षांचा इतिहास आहे.

बोअरिंगची सुरुवात ताकद वाढवण्यासाठी झालीच नव्हती. जेम्स वॉटने १७६९ मध्ये वाफेच्या इंजिनातल्या सुधारणेचं पेटंट घेतलं, पण त्याला हवा तसा सिलिंडर कुणी करून देईना. ओतीव सिलिंडर आतून नीट गोल नसायचे आणि पिस्टनच्या कडेने वाफ निसटून जायची. जॉन विल्किन्सन हा इंग्लंडमधला लोखंडाचा कारखानदार तोफांच्या नळ्या पोखरायचा. त्याने १७७५ च्या सुमारास दोन्ही टोकांना आधार असलेल्या दांड्यावर हत्यार बसवून सिलिंडर बोअर करण्याचं यंत्र उभं केलं. त्यावर केलेल्या ५० इंची सिलिंडरबद्दल वॉटचा भागीदार बोल्टन याने लिहून ठेवलंय की, त्यात जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक नाही. म्हणजे बोअरिंगने वॉटचं इंजिन चाललं ते सिलिंडर गोल झाला आणि गळती थांबली म्हणून. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये आजही मुख्यतः तेच काम होतं.

बोअर म्हणजेच हॉर्सपॉवर, हे समीकरण पुढे सरकारी कागदावर आलं. ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारींना दर हॉर्सपॉवरमागे एक पौंड कर लागू झाला, आणि हॉर्सपॉवर मोजायची कशी, तर बोअरच्या इंचांचा वर्ग, गुणिले सिलिंडरची संख्या, भागिले अडीच. स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन वरखाली जितका सरकतो त्या अंतराचा, त्यात पत्ताच नाही. पिस्टनचा वेग सगळ्या इंजिनांत सारखाच धरलेला. 'ऑस्टिन सेव्हन', 'मॉरिस एट' या नावांतले आकडे याच हिशेबातून आले. कारखानदारांनी अर्थातच बोअर अरुंद ठेवले, स्ट्रोक लांब केले, आणि इंजिनं कागदावरच्या आकड्यापेक्षा जास्त ताकद देत राहिली. जुन्या बुलेट ३५० चा ७० मिमीचा बोअर या सूत्रात घालून पाहा: उत्तर येतं जेमतेम ३ हॉर्सपॉवर. प्रत्यक्षात ती गाडी १८ द्यायची. हा कर दुसऱ्या महायुद्धानंतर गेला, पण बोअरकडे पाहून ताकद सांगायची सवय मागे राहिली.

तिकडे अमेरिकेत उलटी हवा होती. जुन्या मोटारी घेऊन, सिलिंडर मोठे करून शर्यतीत पळवणाऱ्या तरुणांनी बोअरिंगला ताकदीचा मान मिळवून दिला. खुद्द शेव्हरलेने १९५५ च्या २६५ घनइंची व्ही-८ इंजिनाचा बोअर १९५७ मध्ये पाव इंचाच्या निम्म्याने वाढवून २८३ घनइंच केलं. हे उदाहरण बोअरच्या बाजूने नेहमी दिलं जातं. पण त्याच वर्षीच्या यादीत हेच २८३ चं इंजिन साध्या कार्बोरेटरसह १८५ हॉर्सपॉवरला आणि फ्युएल इंजेक्शन, वेगळा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) व चढं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण जास्त दाबणं) यांसह २८३ हॉर्सपॉवरला मिळत होतं. बोअर एकच, फरक ९८ हॉर्सपॉवरचा! माझ्या मते सगळा वाद इथंच मिटायला हवा होता.

आपल्या भागाचा या यंत्रांशी संबंध जुना आहे. १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला. दोन्हीकडे लोखंडी नांगर झाले. १९३० च्या दशकात कूपरांकडे डिझेल इंजिन तयार होऊ लागलं, तर किर्लोस्करांची ऑइल इंजिनची कंपनी १९४६ मध्ये पुण्यात निघाली. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात आजही सिलिंडर लाइनर, म्हणजे सिलिंडरच्या आत बसणाऱ्या नळ्या, बनतात. कृष्णाकाठच्या विहिरींवर आणि नदीवर ही इंजिनं बसली, आणि 'पाच एचपीचं', 'सात एचपीचं' ही भाषा शेतकऱ्याच्या तोंडी रुळली.

त्या पाच आणि सात एचपीतच एक सुंदर धडा आहे. किर्लोस्करच्या 'एव्ही-१' चा बोअर ८० मिमी, 'टीव्ही-१' चा ८७.५, स्ट्रोक दोघांचा ११० आणि फेरेही दोघांचे मिनिटाला १५००. घनफळ वाढलं सुमारे २० टक्के, कंपनीने दिलेली ताकद मात्र ४० टक्क्यांनी. आता बुलेट घ्या. जुन्या ३५० आणि जुन्या ५०० चा स्ट्रोक ९० मिमीच. बोअर ७० चा ८४ झाला. घनफळ ४४ टक्क्यांनी वाढलं, ताकद १८ वरून २२, म्हणजे २२ टक्केच. तीही कार्बोरेटर २४ चा २८ मिमी केल्यावर. एकीकडे घनफळाच्या दुप्पट फळ, दुसरीकडे निम्मं. ताकद ठरते ती सिलिंडरमध्ये किती हवा भरते, ती किती दाबाखाली जळते आणि हे मिनिटाला किती वेळा घडतं यावर. बोअर त्यातला एक भाग आहे, आणि डोक्यावरचे व्हॉल्व्ह, कॅम, कार्बोरेटर तेच राहिले तर मोठ्या सिलिंडरला श्वास जुनाच मिळतो.

हे सगळे कारखान्यातले मोठे बदल झाले. गॅरेजात बोअर वाढतो तो पॉइंट पंचवीस, पॉइंट पन्नास, फार तर एक मिलिमीटर. ७० चा ७१ केला तर जुनी बुलेट ३४६ सीसीची ३५६ होते. कॉम्प्रेशन ६.५ वरून ६.६५ च्या आसपास जातं. सगळं मनासारखं जमलं तरी वाढ अर्ध्या हॉर्सपॉवरची. पाठीवर बसलेल्या माणसाला ती कळणंही अवघड.

मग कळतं ते काय? ब्लॉक, म्हणजे सिलिंडरचा ओतीव भाग, उतरवून बाकावर ठेवला की वरच्या तोंडापासून थोडं खाली नख फिरवून बघा, एक कड लागते. पिस्टनभोवतीची वरची रिंग जिथून परत फिरते तिथं उष्णता आणि दाब सर्वांत जास्त, तेलाचा थर सर्वांत पातळ. झीज तिथंच होते. कारागीर बोअर गेज आत सोडतो, वर, मध्ये, खाली माप घेतो, मग तेच गेज काटकोनात फिरवून पुन्हा तिन्ही ठिकाणी. काटा कुठेच एका जागी थांबत नाही, कारण सिलिंडर वर रुंद, खाली अरुंद आणि शिवाय अंडाकृती झालेला असतो. रिंग त्या आकाराला चिकटू शकत नाही. ज्या दाबाने पिस्टन ढकलायचा तो कडेने इंजिनाच्या खालच्या पेटीत, क्रँककेसमध्ये जातो आणि खालचं तेल वर येऊन जळतं. बोअर मारून, होनिंगच्या (दगडाने घासून पाडलेल्या) तिरप्या रेघा पाडून, नव्या रिंगा बसवल्या की ही गळती थांबते. अर्धा हॉर्सपॉवर नवा मिळाला असेल, पण परत आलेले त्याहून कितीतरी जास्त असतात.

याची खात्री स्लीव्ह मारलेल्या गाडीवर पटते. शेवटच्या मापाचा पिस्टन संपला की ब्लॉकला आतून स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, घालून बोअर पुन्हा ७० वर आणतात. इंजिन आधीपेक्षा लहान होतं, आणि मालक तरीही तेच सांगतो की गाडी सुसाट पळतेय.

ताकद हवीच असेल तर हेड, कॅम, कार्बोरेटर आणि सायलेन्सर यांचा एकत्र विचार करावा लागतो, आणि नोंदणीपेक्षा वेगळं इंजिन करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, हेही लक्षात असू द्या. नव्या गाड्यांनी तर गॅरेजातली ही वाटच बंद केलीय. चाकणला तयार होणारी आधीच्या पिढीची ३७३ सीसीची ड्यूक ३९० जवळजवळ बुलेटच्याच घनफळात ४३ हॉर्सपॉवर द्यायची, ती मिनिटाला नऊ हजारांच्या आसपास फिरून आणि चार व्हॉल्व्हमधून श्वास घेऊन. तिच्या सिलिंडरला आतून निकासिल नावाचा कठीण लेप असतो. बोअर मारला तर तो लेपच निघून जातो, म्हणून झिजल्यावर ब्लॉक-पिस्टनचा अख्खा संच बदलतात, आणि तो येतो मूळ मापाचाच.