सीईए कमी आला, म्हणजे गाठ गेली का?

घास अडकतो, वर पाणी प्यायलं की उतरतो. सांगली-साताऱ्याच्या खेड्यांत अन्ननलिकेच्या कर्करोगाची ही तक्रार महिनोन्‌महिने अंगावर काढली जाते. भाकरी उतरेना म्हणून ती आमटीत कुस्करायची, तीही अडायला लागली की पेजेवर यायचं. अन्ननलिका जेमतेम २५ सेंटीमीटर लांबीची, पण ताणली जाणारी. आतली वाट बरीच अरुंद झाल्याशिवाय घास अडत नाही. म्हणून निदान होतं तेव्हा गाठ बहुधा वाढलेली असते. तंबाखू, विडी, दारू ही कारणं सगळ्यांना ठाऊक असतात. बायका दातांना लावतात ती मिश्रीही तंबाखूच आहे, हे मात्र घरात कुणी धरत नाही.

मिरजेला दुर्बिणीतून तपासणी होते, तुकडा काढून तपासायला जातो, आणि फाईलमध्ये रक्ताचे काही रिपोर्ट येऊन बसतात: सीईए, एससीसी अँटिजेन, कधी सायफ्रा २१-१. यांना ट्यूमर मार्कर म्हणतात, म्हणजे गाठ असली की रक्तात वाढू शकणारी प्रथिनं. निदान तुकड्यावरूनच होतं, मार्करवरून नाही. तरी उपचार सुरू झाले की नातेवाइकांची नजर याच आकड्यांवर खिळते, कारण बाकीचा रिपोर्ट वाचता येत नाही आणि आकडा वाचता येतो.

सीईए हे प्रथिन १९६५ साली मॉन्ट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी शोधलं, तेही मोठ्या आतड्याच्या कर्करोगात. अन्ननलिकेच्या अनेक रुग्णांत तो पहिल्यापासूनच नॉर्मल असतो, मग तो नॉर्मल राहिला याला काही अर्थ उरत नाही. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या स्क्वॅमस प्रकारात (अस्तराच्या चपट्या पेशींतून सुरू होणाऱ्या) एससीसी आणि सायफ्रा अधिक जवळचे. सायफ्रा म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या केराटिन प्रथिनाचा तुकडा. पेशी मरते तेव्हा तो रक्तात उतरतो. पण विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा सीईए तसाही थोडा चढा असतो. मूत्रपिंड नीट चालत नसेल किंवा सोरायसिस असेल, तर एससीसी कर्करोगाशिवायही वाढतो. केसांसाठी घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसनेही काही मशीनवर आकडे चुकतात.

मग उपयोग काय? पुराच्या दिवसांत सांगलीकर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ किती फूट पाणी आहे एवढंच विचारत नाही. चढतंय की उतरतंय, हे विचारतो. मार्करचंही तसंच. उपचारांआधीचा आकडा चढा असेल तरच पुढची चढउतार बोलते. त्यासाठी पहिला रिपोर्ट जपून ठेवा आणि तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. विट्याचा आकडा आणि मुंबईचा आकडा वेगवेगळ्या मशीनचे असतील तर त्यांची वजाबाकी करू नये. आणखी एक: केमोच्या सुरुवातीला पेशी फुटून मार्कर काही काळ उलट वाढू शकतो. त्या एका रिपोर्टवरून औषध लागू पडत नाही असं ठरवून उपचार सोडणं, हे मला सगळ्यात घातक वाटतं.

उपचार लागू पडतात, आणि चांगले लागू पडतात. नेदरलँड्समधल्या क्रॉस नावाच्या, रुग्णांवर केलेल्या उपचार-चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले, शस्त्रक्रियेआधी २३ वेळा रेडिएशन आणि त्यासोबत दर आठवड्याला एक असे कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधांचे ५ डोस दिले होते. नंतर काढलेल्या अन्ननलिकेत स्क्वॅमस प्रकाराच्या ४९ टक्के रुग्णांत एकही जिवंत कर्कपेशी सापडली नाही. सगळे प्रकार धरले तर हे प्रमाण २९ टक्के होतं.

हे ऐकल्यावर घरचे विचारणारच, मग ऑपरेशन कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि तिथेच अभ्यासक मुक्कामाला आहेत. नेदरलँड्समध्येच पुढे झालेल्या सानो चाचणीत गाठ पूर्ण गेल्यासारखी दिसली अशा रुग्णांना शस्त्रक्रियेऐवजी कडक देखरेखीखाली ठेवण्याचा पर्याय तपासला गेला. गाठ गेली हे ठरवलं कशावरून? दुर्बिणीतून त्याच जागी खोलवर पुन्हा घेतलेले तुकडे, आतून केलेली सोनोग्राफी आणि पेट स्कॅन (जास्त साखर ओढणाऱ्या पेशी यात चमकतात). रेडिएशननंतर अन्ननलिका सोललेली असते आणि ती सूजही पेट स्कॅनमध्ये चमकते, म्हणून त्यासाठी काही आठवडे थांबावं लागतं. घास नीट उतरायला लागला एवढ्यावरही भरवसा ठेवता येत नाही. वाट मोकळी झाली तरी भिंतीच्या आतल्या थरांत पेशी उरू शकतात, आणि वरून घेतलेल्या तुकड्यात त्या सापडतीलच असं नाही.

रक्तात तरंगणारे गाठीच्या डीएनएचे तुकडे मोजून ही उरलेली पेशी पकडता येईल का, यावर सध्या काम चालू आहे. तोवर सीईए नॉर्मल आला म्हणून पुढची दुर्बीण तपासणी रद्द करू नका.