रोप नेण्याआधी तुमच्या जागेची माती ओळखा

‘मोगरा नेला, दोन महिन्यांत पिवळा पडला.’ आमच्या रोपवाटिकेत ही तक्रार दर हंगामात येते. रोप बदलून दिलं तरी पुन्हा तेच होतं. म्हणून हल्ली रोप हातात देण्याआधी आम्ही विचारतो: राहता कुठे आणि इमारत उभी राहण्याआधी तिथे काय होतं?

मुंबई मुळात सात बेटांची: कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. मधली खाजणं, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीच्या जागा, बुजवत शहर जोडलं गेलं. त्यामुळे इथली माती एकसारखी नाही. दोन स्टेशनं ओलांडली की बदलते, कधी कधी एकाच सोसायटीच्या दोन कोपऱ्यांत वेगळी लागते.

दादर, माहीम, जुहू, वर्सोवा अशा किनाऱ्यालगतच्या भागात ती रेताड. पाणी घातलं की झरझर खाली जातं आणि खतही घेऊन जातं. इथे एकदम भरपूर खत घालू नका, थोडं थोडं पण वरचेवर घाला. शेणखत आणि पालापाचोळा जितका मुरवाल तितकी ओल टिकेल. माड, उंडी, भेंड, करंज, चिकू, बोगनवेल ही मंडळी खारा वारा सोसतात. गुलाब, लिंबू, घेवडा यांना तो सोसत नाही. त्यांना इमारतीच्या आडोशाची जागा शोधा.

पवई, आरे, बोरिवली पूर्व या डोंगराकडच्या भागात खाली काळा कातळ. अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्या सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडली, त्याच काळातला हा दगड. वर तांबूस मातीचा पातळ थर, मग मुरूम. निचरा चांगला, पण मुळांना खोली नाही. आंबा, फणस लावायचा असेल तर तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्याच. पहार लागली म्हणून एका फुटावर थांबलात तर झाड पुढे खुरटतं.

मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची खाडीकडची बाजू, वडाळा, तसंच मालाड-गोराईची खाडी: इथे मीठागरं आणि खाजणं. माती चिकट, खारवट. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तो वरचा क्षार धुऊन नेतो आणि श्रावणात बाग हिरवीगार दिसते. एप्रिल-मेमध्ये ओल वर खेचली जाते, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो आणि जमिनीवर पांढरी पुटं दिसतात. पानांच्या कडा करपतात. लोक ऊन लागलं म्हणून आणखी पाणी घालतात, तेही बोअरचं खारं! अशा जागी वाफे जमिनीपासून फूटभर उंच करा आणि फेब्रुवारीपासून माती पाल्याने झाकून ठेवा. जिप्समचं पोतं चाचणीशिवाय टाकू नका. ते सोडियमने घट्ट झालेल्या चोपण जमिनीचं औषध आहे, नुसत्या खारवट जमिनीला त्याचा उपयोग नाही.

आता मोगऱ्याकडे येऊ. सगळ्यात जास्त त्रास देते ती भरावाची माती. बांधकाम संपलं की सिमेंट, प्लॅस्टर, विटांचे तुकडे तिथेच पसरतात, वर चार बोटं लाल माती टाकतात आणि लॉन अंथरतात. खालचा चुना मातीचा सामू (पीएच) वाढवतो. लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं की हेच समजा. मोगरा, अनंत, एक्झोरा आधी बोलतात. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, फवारलं तर पानं काही आठवडे सुधारतात, पण खरा उपाय दोन फूट भराव उपसून माती बदलणं हाच. खर्चिक आहे, तरी सोसायटीच्या सभेत आम्ही हेच सांगतो.

घरी करून बघण्यासारखं: मूठभर कोरड्या मातीवर व्हिनेगर ओता. फसफसली तर चुना आहे. फूटभर खोल खड्डा पाण्याने भरा, मुरू द्या, पुन्हा भरा. दुसरं पाणी दिवसभर तसंच राहिलं तर तिथे फळझाड लावू नका.

कुंडीत निव्वळ लाल माती दगडासारखी बसते. ती एक भाग, शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग घ्या. कोकोपीटमध्येही क्षार असतो, दोनदा धुऊन वापरा. चौपाटीवरची वाळू कुंडीत अजिबात नको. पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटल्या काढून ठेवा.

चाचणीसाठी माती आणायची तर मेमध्ये आणा, तेव्हा क्षार सर्वात जास्त दिसतो. वरचा कचरा बाजूला सारून इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्या, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडा. पाच-सहा ठिकाणची माती एकत्र करून सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो कापडी पिशवीत आणा. नुकतंच खत घातलेली जागा टाळा. पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल तर तेही स्वच्छ बाटलीत घेऊन या.