शंख (टर्बिनेला पायरम)

नागपुरातल्या कुठल्याही जुन्या देवघरात अडणीवर ठेवलेला दिसतो तो शंख हे एका शिकारी समुद्री गोगलगाईचे घर आहे. मृदुकाय संघाच्या उदरपाद वर्गातली ही जात लिनीअसने १७६७ मध्ये शास्त्रात नोंदवली. मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी, श्रीलंकेचा किनारा आणि कच्छचे आखात येथे उथळ पाण्यात, वाळूच्या तळावर ती राहते. विदर्भाच्या मातीतही गोगलगाई सापडतात, पण गोड्या पाण्यातल्या: नागपूरजवळच्या टाकळीला काळ्या पाषाणाच्या थरांमधल्या गाळातून स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात गोळा केलेले जीवाश्म सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

जिवंत शंख पांढरा दिसत नाही. त्याच्यावर तपकिरी साल असते. ती घासून काढली की खालचा शुभ्रपणा उघडा पडतो. हा प्राणी वाळूतले बहुशूकी कृमी सोंडेने पकडून खातो. मादीची अंडकोशिका मेंढ्याच्या पिळदार शिंगासारखी, कप्प्याकप्प्यांची असते. तिच्यातून पाण्यात तरंगणारे डिंभ, म्हणजे अळीसारखी अर्धवट वाढलेली पिल्ले, निघत नाहीत. कवचासकट तयार झालेली पिल्लेच बाहेर सरपटत येतात. त्यामुळे ही जात दूरवर चटकन पसरत नाही, आणि एखाद्या जागचे शंख बेसुमार काढले तर ती जागा पुन्हा भरायला वेळ लागतो. पूजेसाठी शंख घेणाऱ्याने एवढे तरी ध्यानात ठेवावे.

शंखाचे कवच जाड असल्याने त्याच्या बांगड्या कापता येतात. द्वारकेजवळच्या नागेश्वर येथे हडप्पाकालीन कारागीर त्या कापत असत. नागपुरातल्या धंतोलीच्या दुर्गापूजेत बंगाली बायकांच्या मनगटांवर आजही त्या दिसतात.

शिखर वर आणि तोंड आपल्याकडे धरले, तर नेहमीच्या शंखाचे तोंड उजव्या बाजूला येते. ते डावीकडे आले तर तो दक्षिणावर्ती. परंपरेत शंख शिखर खाली करून पाहतात, म्हणून नाव उलटे वाटते. असा शंख अतिशय दुर्मीळ, आणि म्हणूनच फसवणूक होते. अमेरिकेच्या किनाऱ्यावरची लायटनिंग व्हेल्क ही शिंपले खाणारी गोगलगाय मुळातच डावखुरी असते आणि तिचे कवच दक्षिणावर्ती म्हणून खपवले जाते. पारख सोपी आहे. तोंडातून बोट आत घालून मधल्या खांबावर फिरवावे: खऱ्या शंखात तीन-चार ठळक आडव्या वळ्या बोटाला लागतात, व्हेल्कचा खांब गुळगुळीत असतो.