यंत्र आले म्हणून रिपोर्ट अचूक होत नाही

लॅबमध्ये आता सगळे यंत्रच करते, तंत्रज्ञाचे प्रशिक्षण नावापुरते उरले आहे, असा समज ठाणे-नवी मुंबईत वर्षानुवर्षे रूढ आहे. तो चुकीचा आहे. बऱ्याचशा चुका नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच घडलेल्या असतात.

घणसोलीत सकाळी सातला घरी येऊन साध्या नळीत घेतलेले रक्त तसेच राहून दुपारी लॅबमध्ये पोहोचले, तर मधल्या वेळात पेशी त्यातील साखर वापरत राहतात आणि ती ताशी साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते. करड्या टोपणाच्या फ्लोराइड नळीत ही घट बरीच आटोक्यात राहते. बारीक सुईतून रक्त जोराने ओढताना पेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. काही यंत्रे सीरमचा (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाचा) पेशी फुटल्याने आलेला लालसरपणा ओळखून इशारा देतात खरी, पण तो वाचून नमुना पुन्हा मागवण्याचे धैर्य (घाईतल्या रुग्णापुढे ते लागतेच) प्रशिक्षणातूनच येते.

राहिला एनएबीएलच्या, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, शिक्क्याचा प्रश्न. वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १५१८९ या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेली ती मान्यता लॅबच्या सरसकट सर्व चाचण्यांना नव्हे, तर मान्यतेच्या यादीत नमूद केलेल्या चाचण्यांनाच लागू असते.