गर्भपात कुणी करायचा? २०१४ च्या मसुद्याची पार्श्वभूमी

१९७१ चा कायदा झाला तेव्हा गर्भपात म्हणजे क्युरेटिंग होतं. टेबल, भूल, उपकरणं. ॲलोपॅथीचाच डॉक्टर हवा आणि त्याला स्त्रीरोगाचा अनुभव हवा, ही अट त्या काळी रास्त होती. २००२ मध्ये गोळ्यांना परवानगी मिळाली, पुढच्या वर्षी नियमांत सात आठवड्यांपर्यंतची मुभा आली. पद्धत बदलली, देणारा तोच राहिला.

सोलापूर जिल्ह्यात याचा अर्थ काय होतो, ते करमाळ्याकडच्या बाईला विचारावं. सिव्हिल शंभर किलोमीटरहून लांब. गावातला डॉक्टर बहुधा बीएएमएस नाहीतर बीएचएमएस. उपकेंद्रातली सिस्टर बाळंतपण करते, तांबी बसवते, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायला मिसोप्रोस्टॉलही देते. तीच गोळी गर्भपातासाठी दिली तर गुन्हा.

ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा काढला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध, होमिओपॅथीचे डॉक्टर, नर्स आणि एएनएम (म्हणजे उपकेंद्रातली सिस्टर) यांना प्रशिक्षण देऊन गर्भपाताची परवानगी द्यावी, असं त्यात होतं. ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटना तुटून पडल्या. गुंतागुंत झाली तर कोण निस्तरणार, हा त्यांचा सवाल. तो खोटा नव्हता. दुसरी भीती लिंगनिवडीची. परळीत डॉक्टरने मुलींचे गर्भ पाडल्याचं प्रकरण दोनच वर्षांपूर्वीचं, त्यामुळे महाराष्ट्रात ती जास्त बोचली. पण गर्भाचं लिंग सोनोग्राफीत कळतं ते बाराव्या-तेराव्या आठवड्याच्या पुढे, आणि गोळ्यांची मुदत त्याआधीच संपते. हा हिशेब त्या गदारोळात मागेच पडला. गंमत म्हणजे त्याच वर्षी आपल्या राज्याने होमिओपॅथांना वर्षभराचा कोर्स करून ॲलोपॅथीची औषधं लिहायची वाट मोकळी केली होती!

बांगलादेशात पाळी नियमित करण्याच्या नावाखाली १९७९ पासून प्रशिक्षित आरोग्यसेविका हे काम करतात. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सुरुवातीच्या आठवड्यांत नर्सने गोळ्या द्यायला हरकत नाही, असं सांगितलं.

संसदेत २०२० मध्ये विधेयक आलं तेव्हा यातलं काहीच उरलं नव्हतं. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर नेली, गोळ्यांची मुदत नियमांत नऊ आठवडे झाली. देखरेखीखाली गोळ्यांच्या दहा केसेस केलेल्या एमबीबीएसलाही आता परवानगी मिळू शकते. नर्स बाहेरच आहे. परळीनंतरच्या तपासण्यांना कंटाळून राज्यातल्या अनेक मेडिकलवाल्यांनी तर गर्भपाताच्या गोळ्यांचं किट ठेवणंच सोडलं, त्यामुळे कायदेशीर चिठ्ठी हातात असूनही गोळ्यांसाठी दुकानं पालथी घालावी लागतात.